लाजरी नायिका मालिकाभर वाढवायची कशी?

कल्पनारम्य कादंबऱ्यांची मालिका लिहायला घेतली की वहीच्या पहिल्या पानावर बहुतेक जण एक वाक्य लिहून ठेवतात : 'नायिका सुरुवातीला लाजरी असते, शेवटी धीट होते.' माझ्याही वहीत ते होतं. पहिल्या खर्ड्यात माझी सुरंगी १४० पानं मान खाली घालून वावरली आणि १४१व्या पानावर भर सभेत उभी राहून सलग दोन पानं बोलली. वाचायला दिलेल्या मैत्रिणीने समासात दोनच शब्द लिहिले होते : 'ही कोण?' ते दोन शब्द मला फार लागले, कारण ते खरे होते. त्यानंतर तीन वेळा पुनर्लेखन करताना जे उमगलं ते इथे पायरीपायरीने मांडते आहे.

उदाहरणं मुख्यतः दोन. एक माझी सुरंगी. दुसरी जिनी वीझली, हॅरी पॉटर मालिकेतली. ती मालिका हॅरीची आहे, जिनीची नाही, हे खरं. पण १९९७ ते २००७ या दहा वर्षांत आलेल्या सात पुस्तकांमध्ये एक बुजलेली लहान मुलगी कशी मोठी होत गेली, हे आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेलं आहे, त्यामुळे बोलणं सोपं होईल.

पहिली पायरी : ती नेमकी कशी आहे ते ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आपण 'लाजरी' म्हणून ज्यांना एकाच टोपलीत टाकतो त्या मुली एकसारख्या नसतात, आणि मराठीत त्यांच्यासाठी वेगवेगळे शब्द तयार आहेत.

लाजरी मुलगी कुणी आपल्याकडे पाहिलं की कानापर्यंत लाल होते, पण तिला मनातून ते पाहणं हवंही असतं. बुजरी मुलगी परक्या माणसाला, परक्या जागेला बुजते, वासरू बुजतं तशी. आपल्या अंगणात मात्र ती खिदळत असते. भिडस्त मुलगी चारचौघांत नीट बोलते, फक्त तिला 'नाही' म्हणता येत नाही. मुखदुर्बळ मुलीच्या डोक्यात सगळं असतं, ऐन वेळी तोंडातून निघत नाही, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर चोख उत्तर सुचतं. अबोल मुलीला बोलण्याची गरजच वाटत नाही. आणि घुमी सगळं आत साठवते. तिथे ते आंबत राहतं.

हा शब्द एकदा पक्का झाला की मालिकेचा अर्धा आराखडा आपोआप हाती येतो. बुजरीची वाढ म्हणजे पळून न जाता जागेवर थांबणं. भिडस्तेची वाढ म्हणजे पहिला नकार. 'भीड भिकेची बहीण' असं आपल्याकडे म्हणतात, तेव्हा भिडेपायी ती काय काय गमावते हे आधी दाखवावं लागेल. मुखदुर्बळ मुलीचा शब्द वेळेवर आला की वाचकाच्या अंगावर काटा येईल. अबोल मुलीला तर बदलण्याचं काही कारणच नाही. बदलायचं आहे ते तिच्या भोवतालच्या माणसांनी, तिचं न बोलणं ऐकायला शिकून.

जिनीकडे बघा. दुसऱ्या पुस्तकात हॅरी समोर आला की तिचं कोपर लोण्याच्या भांड्यात जातं. एवढंच लक्षात ठेवून लोक तिला लाजरी म्हणतात. पण त्याच पुस्तकात तिचा भाऊ रॉन सांगतो की एरवी हिचं तोंड बंदच नसतं, ही अशी गप्प बसलेली बघणं त्यालाच विचित्र वाटतंय. म्हणजे जिनी सगळ्यांसमोर लाजरी नाही, एकाच माणसासमोर आहे. पुढे पाचव्या पुस्तकातली तिखट जिनी ज्यांना आकाशातून पडल्यासारखी वाटली, त्यांच्या नजरेतून रॉनचं हे एक वाक्य निसटलं असावं. बी असं पेरायचं असतं : दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडी, सहज, ओझरतं.

माझी सुरंगी मुखदुर्बळ आहे. हे ठरवायला मला एक वर्ष लागलं.

दुसरी पायरी : गप्प राहून तिला काय दिसतं?

जी मुलगी बोलत नाही ती बघत असते. बोलण्यात ज्यांचा वेळ जातो त्यांना जे दिसत नाही ते तिला दिसतं. ही तिची कमाई आहे, आणि पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या तीस पानांत ती वाचकाच्या हाती पडली पाहिजे, नाहीतर वाचक तिची नुसती कीव करत बसतो. कीव फार पानं टिकत नाही.

सुरंगी एका खाडीकाठच्या गावात राहते. तिथे भरती आपली आपण येत नाही. हाककरी घराण्यातल्या कुणीतरी धक्क्यावर उभं राहून तिला मोठ्याने हाक द्यावी लागते. हाक चुकीच्या वेळी गेली तर पाणी उधाणतं. तिची आत्या हाक देते. पण वेळ कोणती, हे आत्यापेक्षा सुरंगीला जास्त कळतं, कारण लहानपणापासून ती माणसं टाळून चिखलातल्या निवट्या माशांकडे बघत बसली आहे.

पहिल्या खर्ड्यात मी असं लिहिलं होतं : 'सुरंगी खूप घाबरली. तिला बोलायचं होतं, पण शब्द फुटेना. तिला स्वतःचीच लाज वाटली.' तिन्ही वाक्यं बिनचूक, तिन्ही निर्जीव. आता तो प्रसंग असा आहे :

तांडेल म्हणाला, "पाणी कधी चढेल गं?"

सुरंगीने चिखलाकडे पाहिलं. निवट्या बिळं सोडून कडेच्या दगडांवर चढल्या होत्या. अजून अर्धी घटका.

"ते… म्हणजे…"

"जा, आत्याला बोलाव. तुला काय विचारायचं!"

ती आत्याला बोलवायला धावली. तिवरांच्या वाटेवर, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, ती मोठ्याने म्हणाली, "अर्धी घटका."

घाबरली, लाजली असा एकही शब्द यात नाही. उत्तर तिच्याकडे होतं हे वाचकाला कळतं, तांडेलाला कळत नाही. या तफावतीवर वाचक पुढची तीनशे पानं चालतो.

तिसरी पायरी : जादूने तिच्या दुखऱ्या जागेवरच बोट ठेवावं

कल्पनारम्य कथेची खरी ताकद इथे आहे आणि बहुतेक नव्या लेखकांकडून ती वाया जाते. नायिका लाजरी, आणि तिला मिळते काय, तर हातातून आग निघण्याची विद्या. लाजण्याचा आणि आगीचा संबंध काय? मग आग एकीकडे वाढते, स्वभाव दुसरीकडे बदलतो, आणि दोन गोष्टी शेजारी शेजारी चालत राहतात, भेटत नाहीत.

तुमच्या जगाचा नियम असा हवा की तिला जे सगळ्यात अवघड तेच तो मागेल. सुरंगीच्या जगात जादू म्हणजे मोठ्याने हाक. भिडस्त नायिकेच्या जगात दिलेला होकार प्राणांतिक बंधनकारक असू शकेल. बुजरीच्या जगात परक्याच्या डोळ्यांत डोळे घातल्याशिवाय मंत्र लागू पडणार नाही.

संकटही तिच्या स्वभावातूनच यावं. या बाबतीत जिनीची डायरी मी पुन्हा पुन्हा वाचते. सहा भावांच्या पाठीवरची एकुलती एक बहीण, वय ११, घरापासून लांब, पहिलंच वर्ष. मनातलं सांगायला कुणी नाही. तिच्या हाती एक जुनी डायरी येते, आणि ती डायरी लिहिलेल्याला उत्तर देते. शांतपणे ऐकून घेणारं, न हसणारं, न अडवणारं कुणीतरी तिला मिळतं, आणि तेच तिचा जीव शोषायला लागतं. मैत्रिणींच्या गराड्यातल्या मुलीवर हा सापळा चाललाच नसता. पुढे एका सकाळी जेवणाच्या टेबलावर ती हॅरी आणि रॉनशेजारी येऊन बसते, सांगायचा धीर गोळा करते, तोंड उघडणार एवढ्यात मोठा भाऊ पर्सी येतो आणि ती उठून निघून जाते. मुखदुर्बळ माणूस किती प्रयत्न करून तोंडापर्यंत आलेला असतो आणि समोरच्याला त्याचा पत्ताही नसतो! हा छोटासा प्रसंग मला त्या पुस्तकातल्या भल्यामोठ्या सापापेक्षा जास्त भीतिदायक वाटतो.

चौथी पायरी : प्रत्येक पुस्तकाला एकच गोष्ट

एका कोऱ्या कागदावर जितकी पुस्तकं तितक्या ओळी आखा. प्रत्येक ओळीत एकच वाक्य : मागच्या पुस्तकात तिला जे करता येत नव्हतं आणि या पुस्तकाअखेर जे ती करते. एकच. 'ती आत्मविश्वासू होते' असलं वाक्य चालणार नाही. डोळ्यांना दिसेल, कानांना ऐकू येईल अशी कृती हवी.

सुरंगीच्या तीन ओळी अशा : पहिल्या पुस्तकात ती वादळात, पावसाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही तेव्हा हाक देते, आणि भरती ऐकते. दुसऱ्यात ती दिवसाउजेडी, माणसांसमोर हाक देते. तिसऱ्यात गावाला लढाईसाठी गलबतं बाहेर काढायची असतात, सगळं गाव धक्क्यावर जमतं, आणि ती हाक देत नाही.

हा शेवट सुचायला मला दुसरं पुस्तक लिहून पूर्ण करावं लागलं. त्याआधी माझ्या मनात शेवट म्हणजे सगळ्यात मोठी हाक असाच होता. पण जी मुलगी आयुष्यभर भीतीने गप्प राहिली तिने शेवटी ठरवून गप्प राहावं, आणि त्या गप्प राहण्यापुढे अख्ख्या गावाचं काही चालू नये, हे मला तिच्या स्वभावाला जास्त धरून वाटलं. लाजऱ्या नायिकेची वाढ म्हणजे ती बडबडी होणं, हा आपल्या डोक्यातला सर्वात मोठा गोंधळ आहे. उर्सुला ले ग्विनच्या अर्थसीच्या गोष्टींमधली तेहानू आठवा. १९९० च्या पुस्तकात ती भाजलेली, अर्धा चेहरा गेलेली, तिला सांभाळणाऱ्या तेनारच्या पदराआड राहणारी पोर आहे. २००१ च्या पुस्तकात ती मोठी झाली आहे, राजाच्या दरबारात आजही अंग चोरून वावरते, तेनारचा आधार शोधते. पण ड्रॅगन आले की त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलायला तीच पुढे होते. माणसांसमोरचा तिचा संकोच लेखिकेने काढून घेतला नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

जिनीच्या ओळी आखून बघितल्या तर एक अडचण दिसते, आणि ती तुमच्या कामाची आहे. चौथ्या पुस्तकात नृत्याला हॅरीबरोबर जाण्याची वेळ येऊ शकली असती, पण नेव्हिलला आधी हो म्हटलंय म्हणून ती शब्द पाळते. पाचव्यात हॅरी आपल्या अंगात कुणी शिरलंय का या भीतीने सगळ्यांपासून तुटून बसतो, तेव्हा तीच त्याला सुनावते की हे खरोखर जिच्या बाबतीत घडलंय ती मी इथे आहे, मला विचारायचं सुचलं नाही का? सातव्यात नेव्हिल आणि लुनाबरोबर ती शाळेतला प्रतिकार चालवते. या पायऱ्या पक्क्या आहेत. पण मधली वाढ बरीचशी पडद्याआड झाली. झाडूवर ती इतकी छान उडते कशी, तर सहा वर्षांची असल्यापासून भावांचे झाडू चोरून उडत होती, हे आपल्याला पाचव्या पुस्तकात हर्मायनी सांगते. कथा हॅरीच्या नजरेतून असल्यामुळे मी हे समजून घेते. त्याचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. तुमची नायिका मध्यावर असेल तर ही सवलत तुम्हाला नाही. तिचा चोरून केलेला सराव पानावर दिसायलाच हवा.

पाचवी पायरी : एक पाऊल मागे

दुसऱ्या पुस्तकाच्या मध्याला तिचा धीर तिच्या अंगाशी येऊ द्या. सुरंगीने लोकांसमोर पहिल्यांदा दिलेली हाक बरोबर वेळेला जाते, पण घाबरल्यामुळे आवाज चिरकतो, भरती अर्धवट चढते आणि एक मचवा खडकावर फुटतो. त्यानंतर साठ पानं ती कुणाशी बोलत नाही. ही साठ पानं लिहायला जड जातात. संपादक कदाचित कापायला सांगतील. वीसवर आणा, पण काढून टाकू नका. लाजऱ्या माणसाने एकदा तोंड उघडून फजिती झाली की पुढचा शब्द आधीपेक्षा दुप्पट महाग होतो. ज्याने हे अनुभवलं आहे तो वाचक याच जागी तुमच्यावर विश्वास ठेवतो.

सहावी पायरी : वाढ क्रियापदात दिसू द्या

आपली भाषा इथे मनापासून मदत करते.

पहिल्या पुस्तकात तिच्या तोंडी आणि तिच्या मनात 'मला'ची वाक्यं जास्त ठेवा : मला भीती वाटते, मला जमत नाही, मला सुचलं नाही. या वाक्यांत गोष्टी तिच्यावर येऊन आदळतात. पुढे हळूहळू 'मी' वाढवा : मी थांबते, मी ठरवलंय, मी जाणार. एकदम नको, मोजून. माझ्याकडे दुसऱ्या पुस्तकाच्या एका प्रकरणात फक्त चार 'मला' 'मी'त बदलले आणि प्रकरणाचा कणा ताठ झाला.

नकाराचीही एक शिडी आपल्याकडे आहे. भिडस्त माणूस नकार देतो तो 'बघू', 'बघते' असा. मग 'नाही, म्हणजे… जमेलसं वाटत नाही.' मग 'मला नाही जमणार.' मग 'मी येणार नाही.' सगळ्यात शेवटी नुसतं 'नाही.' ही शिडी तीन पुस्तकांवर पसरा आणि मधली पायरी गाळू नका.

तू आणि तुम्ही. संकोची माणसं समोरच्याला तू म्हणावं की तुम्ही या पेचातून सुटायला कर्ताच गाळतात, हे तुम्ही ऐकलं असेल : 'जेवायचंय ना?', 'कुठे जायचं होतं?', 'हे इथे ठेवायचं का?' सुरंगी भिवाशी, तांडेलाच्या मुलाशी, अख्खं पहिलं पुस्तक असं बोलते. दुसऱ्या पुस्तकात मचवा फुटल्यावर तो तिच्या दाराशी येतो तेव्हा ती म्हणते, "तू जा." दोनच शब्द, तेही हाकलण्याचे, पण त्यात पहिल्यांदा 'तू' आलं आहे, आणि भिवाच्या ते लक्षात येतं.

मोठ्या माणसांच्या बाबतीत मात्र सावध राहा. नायिका धीट झाली हे दाखवायला तिला वडीलधाऱ्यांना अरे-तुरे करायला लावू नका. आपल्या घरांत आदर ठेवून दिलेला नकार जास्त वजनदार असतो. "तांडेलमामा, मी हाक देणार नाही. तुम्ही बसा, पाणी देते." यावर मामांकडे काय उत्तर आहे?

सातवी पायरी : भोवतालच्यांना उशिरा कळू द्या

ती बदलली तरी घरचे तिला जुनीच समजत राहतात. 'आमची सुरंगी? ती कसली बोलतेय!' हे वाक्य तिसऱ्या पुस्तकातही यायला हवं, आणि ते आत्याने प्रेमाने म्हणायला हवं. सातव्या पुस्तकात शेवटच्या लढाईच्या वेळी जिनीला वय कमी म्हणून मागे थांबायला सांगतात. वर्षभर जे तिने सोसलं ते घरच्यांच्या हिशेबात येत नाही. धाकट्या, गप्प मुलींना हा अनुभव वर्षानुवर्षं येतो.

भिवासारख्या पात्राबद्दल एवढंच : त्याने तिला वेळ द्यावा, किल्ली देऊ नये. त्याच्या प्रेमामुळे ती बोलू लागली असं झालं, तर आधीची दोन पुस्तकं वाया गेली. पाचव्या पुस्तकात हर्मायनी सांगते की जिनीने हॅरीचा नाद सोडला म्हणूनच ती आता त्याच्यासमोर बोलू शकते. क्रम उलटा आहे, आणि तो बरोबर आहे.

आठवी पायरी : तपासणी

खर्डा पुरा झाला की एक वेगळी फाइल उघडा. त्यात फक्त नायिकेची बोललेली वाक्यं उतरवा, सगळ्या पुस्तकांतली, क्रमाने, बाकी काही नको. मग मोठ्याने वाचा. मध्येच कुठे दुसरीच कुणीतरी बोलायला लागली असं कानाला वाटलं, तर तिथे खूण करा. त्या दोन वाक्यांच्या मधला एखादा प्रसंग लिहायचा राहिला आहे. जिथे दहा-दहा वाक्यं एकाच सुरात येतात तिथे ती अडकली आहे. कुठेही सलग चार ओळींपेक्षा मोठं बोलणं सापडलं तर ते तिचं आहे की तुमचं, हे स्वतःला विचारा. माझ्या त्या दोन पानी भाषणातलं एकही वाक्य तिचं नव्हतं.

वाचायला एखादी खरोखर कमी बोलणारी व्यक्ती मिळाली तर तिला द्या, आणि मत ताबडतोब मागू नका. मला ते तीन आठवड्यांनी मिळालं, एका चिठ्ठीवर, आणि सगळ्या मतांमध्ये तेच सर्वात कामाचं होतं : 'पान ६२ वर ती लगेच उत्तर देते. तिला आधी पदराचं टोक चाचपू द्या.'

सुरंगीच्या फाइलमध्ये आज २१७ वाक्यं आहेत. पहिलं आहे, "ते… म्हणजे…" शेवटचं वाक्य ती धक्क्यावरून घरी परतताना भिवाशी बोलते. ओहोटी अजून तशीच आहे, गलबतं चिखलात तिरकी रुतून पडली आहेत, मागे गाव ओरडतं आहे.

"निवट्या बघायच्यात? चल, तुला दाखवते."